इमारत तीनमधला जंगली बदाम

१६ फेब्रुवारी, रविवार

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने शाल, श्रीफळ आणि ही डायरी दिली. शाल मुंबईत वापरायची सोय नाही, श्रीफळाची सोलकढी झाली. डायरी उरली. आज लिहिण्यासारखं घडलं म्हणून सुरुवात करतो.

सकाळी आमच्या मुलीला, रुचिराला, बघायला मुलुंडहून माणसं आली. मुलगा प्रीतम, त्याचे आईवडील आणि एक आत्या. मुलगा उंच, नोकरी चांगली, बोलणं नीट. बायकोने, सुगंधाने, घावणे केले होते, आत्याने मागून घेतले. सगळं झकास चाललं होतं आणि मग वारा फिरला.

आमच्या इमारतीच्या अंगणात जंगली बदामाचं झाड आहे, गच्चीच्याही वर गेलेलं. फेब्रुवारीत त्याला फुलं येतात. त्या फुलांच्या वासाबद्दल एवढंच लिहितो की प्रीतमच्या आईने नाकाला पदर लावून विचारलं, तुमच्याकडे गटाराचं काम चालू आहे का. मी म्हटलं, नाही, फुलं आहेत. त्यांना ते पटलं नाही. मुलाचे वडील उठून बाल्कनीत गेले आणि वाकून गटार शोधू लागले.

मग मुलामुलीला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून दोघांना खाली पाठवलं. घरात खोल्या दोन आणि दोन्हींत माणसं. खाली म्हणजे झाडाखाली, कारण बाक तिथेच आहे. म्हणजे ज्याच्यापासून मुलाला लांब ठेवायचं त्याच्याच बुंध्याशी मी त्याला पाठवला. बऱ्याच वेळाने दोघं वर आली ती हसत. मुलगा कशाला हसत होता ते उघड आहे.

मंडळी जेवायला थांबली नाहीत. आम्ही जेवत असताना रुचिरा मला काहीतरी सांगत होती, पण माझं लक्ष लागलं नाही.

१७ फेब्रुवारी

मुलुंडहून नकार आला. कारण दिलंय, मुलामुलीच्या विचारांत फरक वाटतो. मी आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासले आहेत. लिहिलेलं कारण आणि खरं कारण यांतला फरक मला कळतो. खरं कारण आमच्या अंगणात उभं आहे.

रुचिरा धीराची मुलगी आहे. बोरिवलीला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कामाला जाते, ती आज निघताना चक्क गुणगुणत होती. आत काय चाललं असेल ते बापालाच कळतं.

जानेवारीपासून सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे. झाड काढण्याचा विषय रविवारच्या सभेत घेतो.

२३ फेब्रुवारी

सभा झाली. मी मुद्दे मांडले: वास, पार्किंगमध्ये पडणारी कडक फळं, कावळ्यांची घाण, बाल्कन्यांत काळोख. तिसऱ्या मजल्यावरच्या चैतन्यने लगेच पाठिंबा दिला. त्याच्या दोन गाड्या आहेत आणि झाडाच्या जागी तिसरी मावेल असं त्याने मोजून ठेवलंय.

विरोध एकच, लवूकाकांचा. ते तळमजल्यावर राहतात. माझ्या वडिलांबरोबर गिरणीत होते. वडील गेले, गिरणी गेली, लवूकाका आहेत. त्यांची सून दुपारभर घरात शिकवण्या घेते, त्यामुळे ते प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन झाडाखाली बसलेले असतात. त्यांनी विचारलं, "झाडान तुझा काय केल्यान, जयवंता?" मी सगळे मुद्दे पुन्हा वाचून दाखवले. ते म्हणाले, ह्या आयकलंय मी. 

कुणीतरी पर्यावरणाचं काढलं. मी म्हटलं, पर्यावरण पाहिजे असेल तर आरे कॉलनी शेजारीच आहे, दिंडोशीहून बस जाते. सगळे हसले आणि ठराव पास झाला.

सुगंधाने हात वर केला नव्हता. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, हातात भाजीची पिशवी होती.

५ मार्च

फुलं गळून गेली. वासही गेला. झाडाला कोवळी पानं फुटलीत, हाताच्या पंजासारखी. तरीही अर्ज केला. वास गेला म्हणून नुकसान भरून येत नाही.

१८ मार्च

पालिकेच्या उद्यान खात्याच्या उत्तरा मॅडम पाहणीला आल्या. झाडाभोवती फिरल्या, बुंध्यावर थाप मारून बघितली. म्हणाल्या, झाड ठणठणीत आहे, तोडायला परवानगी मिळणार नाही. मी वासाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ह्या झाडाला वास येतोच. विजेच्या तारेवर आलेल्या आणि भिंतीला घासणाऱ्या फांद्या तेवढ्या छाटायला मिळतील.

जाताना त्यांनी बाक, लवूकाकांची खुर्ची आणि कोळणीचा मासे ठेवायचा पाट बघितला आणि विचारलं, इथे कोण बसतं. मी म्हटलं, तसं खास कुणी नाही.

४ एप्रिल

आज छाटणी झाली. चंद्रप्रकाश म्हणून कंत्राटदार आहे, तो माणसं आणि टेम्पो घेऊन सकाळीच आला. मी बाल्कनीतून देखरेख केली. तारेवरच्या आणि भिंतीकडच्या फांद्या जेवणाआधीच उतरल्या. पण एक फांदी उतरली की तिच्या मागची दिसायला लागते, आणि ती आधीच्या फांदीपेक्षा वाईट दिसते. चंद्रप्रकाश वर बघायचा आणि मी म्हणायचो, तीपण घे. एकदा त्याने विचारलं, "साहेब, बस ना आता?" मी म्हटलं, टेम्पो आलाच आहे तर अर्धवट कशाला ठेवायचं.

संध्याकाळी खाली जाऊन बघितलं तेव्हा बुंधा आणि फांद्यांचे चार-पाच खुंट उरले होते. वरून तेवढं वाटलं नव्हतं.

लवूकाका दिवसभर खुर्ची घेऊन गेटपाशी बसले होते. मी नमस्कार केला. त्यांना दिसला नसावा. सुगंधाने वाळत घातलेले कपडे ओलेच आत आणले आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं. भुसा उडत होता, बरोबर आहे.

५ एप्रिल

घरात भरपूर उजेड. पहिल्यांदाच हॉलमध्ये दिवा न लावता पेपर वाचला. समोर थेट नवदीप सोसायटीपर्यंत दिसतं.

८ एप्रिल

उजेड जरा जास्तच येतो, म्हणून जाड पडदे आणले. पडद्यामुळे काळोख होतो, म्हणून पेपर वाचताना दिवा लावतो.

पंखा बिघडलाय. फिरतो, पण वारा गरम येतो. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने वर बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, पंखा बरोबर आहे, काका. हल्ली कुणाला आपल्या कामातलं काही येत नाही.

गच्चीवरच्या टाकीतून नळाला कडकडीत पाणी येतंय. गीझर बंद केला. तेवढीच बचत.

११ एप्रिल, शुक्रवार

मासेवाल्या सखुबाई आल्या होत्या. खारदांड्याहून येतात, बुधवारी आणि शुक्रवारी. मी सेक्रेटरी व्हायच्या कितीतरी आधीपासून. झाडाखाली पाट टाकून बसायच्या आणि इमारतीतल्या बायका खाली उतरायच्या. आज पाट टाकला, वर बघितलं, पाट उचलला. मी बाल्कनीतून म्हटलं, बसा की, आता जागा स्वच्छ झाली. त्या म्हणाल्या, "मावरं उन्हात ठेवू काय रं भाऊ? शिजवूनच देऊ?"

त्या नवदीपमध्ये गेल्या. त्यांच्याकडे करंजाचं झाड आहे. थोड्या वेळाने आमच्याकडच्या बायका पिशव्या घेऊन तिकडे जाताना दिसल्या. सुगंधापण होती. आता बाल्कनीतून सगळं स्पष्ट दिसतं, हा एक फायदा झाला.

१५ एप्रिल

कावळ्यांचा त्रास वाढला. आधी वाटलं, सगळ्यांनाच आहे. पण चौकशी केली तर चैतन्यला काही करत नाहीत, वॉचमनला करत नाहीत, दूधवाल्यालाही नाही. मी गेटबाहेर पडलो की दोघं वायरवरून उडतात आणि डोक्यावर टोच मारून जातात. आज छत्री घेऊन गेलो. आभाळात ढग नाही. रिक्षावाले बघत होते.

वॉचमन म्हणाला, त्यांचं घरटं होतं वर, अंडी घातली होती. त्या दिवशी टेम्पोत गेलं. मी म्हटलं, मग त्यांनी चंद्रप्रकाशला टोचायचं. वॉचमन म्हणाला, चंद्रप्रकाशला सांगणारा कोण होता ते त्यांनी बघितलं असेल, साहेब.

२० एप्रिल

सुगंधा सगळा स्वयंपाक सकाळी लवकरच उरकते. चांगली सवय. दुपारनंतर स्वयंपाकघरात उभं राहवत नाही म्हणते.

दुपारी मला झोप लागेनाशी झालीय. आतापर्यंत जेवून आडवा झालो की चहाच्या वेळेलाच जाग यायची. आता भिंत तापते आणि मी जागा राहतो. त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. दुपारी सुगंधा घरात नसते. मी विचारलं, कुठे असतेस. ती म्हणाली, नवदीपला, करंजाखाली. मी म्हटलं, आणि आधी. ती म्हणाली, आधी आपल्या झाडाखाली. मी म्हटलं, रोज. ती म्हणाली, रोज.

ऑफिसात असताना हे कळायला मार्ग नव्हता. पण निवृत्तीनंतरही इतके दिवस मी शेजारच्या खोलीत झोपलेलो होतो.

२४ एप्रिल

इमारतीत भांडणं फार. पहिल्या मजल्यावरच्या दोघींचं कुंडीवरून झालं, दोघी माझ्याकडे लेखी तक्रार घेऊन आल्या. आधी अशा तक्रारी माझ्यापर्यंत येत नसत. सुगंधाला म्हटलं, बायकांना झालंय काय. ती म्हणाली, आधी खाली बसल्या बसल्या मिटायचं.

चैतन्यच्या गाडीचं स्टिअरिंग दुपारी हातात धरवत नाही. तो आता गाडी नवदीपच्या भिंतीला लावतो, त्यावरून त्यांच्या वॉचमनशी वाजलं.

लवूकाका अजून त्याच जागी खुर्ची टाकून बसतात. आता सावली म्हणजे बुंध्याची पट्टी, ती सरकेल तशी खुर्ची सरकवतात. मी त्यांना टोपी नेऊन दिली. म्हटलं, काका, घरात बसा. ते म्हणाले, घरात पोरा शिकतत. मी म्हटलं, नवदीपला जा. ते म्हणाले, बायकांच्यात जावन काय करू. टोपी घेतली. ती गुडघ्यावर ठेवली.

३० एप्रिल

दुपारी बाल्कनीचा पडदा सरकवला तर लवूकाकांची खुर्ची आडवी पडलेली आणि ते तिच्या शेजारी. मी हाक मारली. उठले नाहीत.

जिना कसा उतरलो आठवत नाही. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम अजिबात नाही. त्यांची सून धावत आली, तिच्या मागे शिकवणीची पोरं. वॉचमनने पाण्याची बादली आणली, मी त्यांच्या डोक्यावर ओतत होतो आणि ते गिरणीत असल्यासारखे कुणाला तरी सांगत होते की साचा बंद करा, धागा तुटलो. सखुबाई नवदीपहून सगळा बर्फ टोपलीसकट घेऊन आल्या, सुगंधाने तो पदरात बांधून त्यांच्या काखेत धरला. रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. वाटेत मी त्यांना धरून बसलो होतो. अंगाला माशांचा वास येत होता. वजन काहीच नाही त्यांना.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. वय बघता सांगता येत नाही.

१ मे

शुद्ध नाही. मी आणि त्यांचा मुलगा आळीपाळीने बसलो. मुलगा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या उन्हात कुठे होते. मी म्हटलं, झाडाखाली.

३ मे

काल दुपारी त्यांनी डोळे उघडले, आज बोलले. आधी विचारलं खुर्ची कुठे आहे. मी म्हटलं, घरी नेऊन ठेवलीय, एक पाय चिरलाय. मग पेज प्यायले. मी त्यांना पाजत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, काका, मी काही मुद्दाम केलं नाही. रुचिराचं जमत होतं ते त्या वासामुळे मोडलं, म्हणून.

त्यांनी पेजेचा घोट गिळला. मग म्हणाले, "वासान खंय मोडला? मी थंयच बसलेलंय. तुझ्या चेडवान त्या झिलाक सांगल्यान, माका आता लगीन करूचा नाय, तुम्हीच नकार कळवा. तो म्हणालो, बरा झाला, माकापण आत्येन ओढून हाडल्यान. मगे दोघांय हसत बसली."

मी विचारलं, हे तुम्ही सभेत का नाही सांगितलंत.

ते म्हणाले, "चेडवाची गोष्ट चार माणसात सांगतत काय?"

पेज संपली होती. मी वाटी धुऊन आणली आणि पुन्हा बसलो.

४ मे

रुचिराला विचारलं. ती म्हणाली, बाबा, मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. जेवताना. तुम्ही हो म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला कळलं.

मी म्हटलं, मग झाडाचं चाललं होतं तेव्हा. ती म्हणाली, मला वाटलं, तुम्हाला खरंच वासाचा त्रास होतो. दर वर्षी होतो ना.

ती खोटं बोलत नाही. दर वर्षी मी तक्रार करायचो, हे खरं आहे. खिडक्या लावून घ्यायचो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत विसरून जायचो.

ती कामाला गेल्यावर सुगंधाशी बोललो. म्हटलं, तुला रोज तिथे बसायचं होतं, तर मला थांबवायचं होतंस. ती तांदूळ निवडत होती. दोन खडे काढून बाजूला ठेवले. मला वाटलं ऐकलं नाही.

मग म्हणाली, "काय सांगून थांबवणार होते? तुम्ही मुद्दे मागितले असतेत. माझ्याकडे मुद्दा नव्हता. दिवसभरात तेवढा वेळ मी कुणाची कोणी नसायचे, एवढंच."

मी म्हटलं, हा मुद्दा आहे.

ती म्हणाली, "आता आहे."

७ मे

लवूकाका घरी आले. उजवा पाय थोडा ओढतात. रुचिरा सकाळी कामावर जायच्या आधी त्यांचा व्यायाम घेते. सुनेने दुपारच्या शिकवण्या बंद करते म्हटलं, ते काकांनी होऊ दिलं नाही. दुपारी ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसतात. मी भेटायला गेलो तर आत पोरं पाढे म्हणत होती आणि काका ओट्याशेजारी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

११ मे, रविवार

सभा. चैतन्यने विषय घेतला की झाडाची रया गेलीच आहे, आता ते वाळलंय असं दाखवून पुन्हा अर्ज करू आणि मुळासकट काढून पार्किंग करू. माणसं माना डोलावत होती. माझ्याकडे सेक्रेटरी म्हणून सही मागितली.

मी म्हटलं, सही करणार नाही.

चैतन्य म्हणाला, "काका, तुम्हीच तर सुरू केलंत ना?"

मी म्हटलं, हो.

तो थांबला. त्याला वाटलं मी पुढे काही बोलेन. मलाही तसं वाटलं होतं, रात्री मनात बरंच जुळवलं होतं, सावली, टाकीचं पाणी, भांडणं, लवूकाका. पण उभा राहिलो आणि समोर सगळी तीच माणसं, जी फेब्रुवारीत आरे कॉलनीच्या माझ्या विनोदाला हसली होती. मग एवढंच म्हटलं की माझं चुकलं होतं, कारण चुकीचं होतं, आणि झाड वाळलेलं नाही, बुंध्याला फुटवे आलेत, खाली जाऊन बघा. एकाने विचारलं, मग खरं कारण काय होतं. मी म्हटलं, ते घरचं आहे.

लगेच हात वर करून मत घेतलं आणि माझं सेक्रेटरीपद गेलं. ते चैतन्यकडे गेलं. विरोधात दोन हात होते, एक सुगंधाचा आणि एक पहिल्या मजल्यावरच्या त्या कुंडीवाल्या दोघींपैकी एकीचा. दुसरीनेही केला असता, पण पहिलीने केला म्हणून केला नाही.

१४ मे

उत्तरा मॅडम आल्या. बहुधा कुणीतरी कळवलं. झाडाभोवती फिरून खुंट मोजले. मग विचारलं, परवानगी किती फांद्यांची होती. चैतन्य म्हणाला, कंत्राटदाराने जास्त छाटलं, मॅडम, त्या लोकांना कळत नाही.

मी म्हटलं, कंत्राटदाराने विचारलं होतं. मीच सांगितलं, बाल्कनीतून.

त्यांनी नाव लिहून घेतलं. दंड होईल, नोटीस येईल. येऊ दे. मी त्यांना विचारलं, झाड पहिल्यासारखं कधी होईल. त्या म्हणाल्या, पुन्हा कुणी कोयता लावला नाही आणि बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून मुळांना श्वास घेऊ दिला, तर तीन-चार वर्षांत सावली पडायला लागेल. पहिल्यासारखं म्हणजे काय ते मात्र सांगता येत नाही. आता झाड काढायचा कसलाही अर्ज आला तर आधी मी येईन, असंही चैतन्यकडे बघून म्हणाल्या.

१६ मे

वॉचमन आणि मी पहार घेऊन सिमेंट फोडलं. मी सकाळभरात एका बाजूचं फोडलं, बाकी त्याने. कावळे वायरवर बसून बघत होते. त्यांनी आज मला काही केलं नाही, पण त्यांचं मत बदललंय असं मी धरत नाही. छत्री जवळ होती.

दुपारी मी बाकावर हिरवी जाळी बांधली. त्याखाली बसून बघितलं. हिरव्या रंगाचं ऊन लागतं.

२१ मे, बुधवार

आज जेवण झाल्यावर लवूकाकांकडे गेलो. म्हटलं, चला. ते म्हणाले, खंय. मी म्हटलं, नवदीपला. ते म्हणाले, बायकांच्यात? मी म्हटलं, मीपण येतो.

एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्या हातात खुर्ची. खुर्चीचा चिरलेला पाय रुचिराने घट्ट बांधून दिला होता. नवदीपच्या गेटवर पाटी आहे, बाहेरच्यांना प्रवेश नाही. त्यांच्या सेक्रेटरी प्रांजल मॅडम खालीच उभ्या होत्या. माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या. आमच्या बायकांना त्या आतापर्यंत काही बोलल्या नव्हत्या, पण आम्हाला बघून पुढे आल्या. मी माझं नाव सांगितलं, इमारत सांगितली, आणि म्हटलं की आम्हाला दोघांना दुपारी तुमच्या करंजाखाली बसायची परवानगी पाहिजे. परवानगी मागायची सवय आहे, पण एवढं अवघड कधी गेलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, किती दिवस.

मी म्हटलं, तीन-चार वर्षं.

त्यांनी भिंतीपलीकडे आमच्या झाडाकडे बघितलं. मग लवूकाकांकडे, मग माझ्या हातातल्या खुर्चीकडे. म्हणाल्या, "मग खुर्ची इथेच ठेवा, काका. रोज कुठे उचलून आणताय?"

करंजाखाली सखुबाई होत्या, आमच्या इमारतीतल्या आणि नवदीपच्या मिळून पाच-सहा बायका होत्या, आणि सुगंधा होती. आम्ही गेलो तशा सगळ्या गप्प झाल्या. लवूकाकांना बसवलं. माझ्यासाठी जागा नव्हती. सुगंधा माझ्याकडे बघत राहिली आणि मग कट्ट्यावर सरकली. मी बसलो.  सखुबाईंनी बांगडे उलटेपालटे केले. लवूकाकांनी डोळे मिटले. पान हलत होतं आणि मानेवर वारा लागत होता. मी काही बोलायचं टाळलं.

थोड्या वेळाने मी तिथे आहे हे त्या विसरल्या. कुंडीवालीने काहीतरी सांगायला सुरुवात केली, मध्येच सखुबाईंनी तिच्या नवऱ्याची नक्कल केली आणि सगळ्या हसायला लागल्या. सुगंधा हसताना मान मागे टाकते आणि शेजारच्या माणसाच्या दंडावर थाप मारते. शेजारी मी होतो. दंड अजून थोडा दुखतोय.